मिरची वाळंना

कसबा बावड्यात वर्षाराणीकाकींचं घर शोधताना नाव विचारायची गरज पडत नाही. उन्हाळ्यात ज्या गल्लीत शिरताच शिंक येते, ती त्यांची गल्ली. चैत्र लागला की त्यांच्या गच्चीवर संकेश्वरी मिरची पसरते आणि पोस्टमनपासून कुत्र्यांपर्यंत सगळे नाक पुसत हिंडतात. त्यांची कांदा-लसूण चटणी अर्ध्या शहरात जाते. ‘तुमच्या चटणीशिवाय घास उतरत न्हाय’ असं कुणी फोनवर म्हटलं की काकी ‘बरं बरं’ एवढंच म्हणतात, पण दिवसभर खुशीत असतात.

काकी मूळच्या मलकापूरच्या. माहेरचं घर कौलारू. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळायचं, पण मे महिन्यात भर दुपारी डोळा लागावा असं गार. सासरीही तेव्हा कौलंच होती. कौलांवर मिरची वाळवता येत नाही, ती घसरते. म्हणून नवी सून शेजारच्या गच्चीवर मिरची घालायची आणि शेजारणीचे टोमणे पोटात घालायची. शेवटी तिनं नवऱ्याच्या मागे असा लकडा लावला की विजयसिंहांसारख्या मुकाट माणसानं कौलं उतरवली, वर एक खोली चढवली आणि तिच्या डोक्यावर सपाट स्लॅब ओतला. चैत्रात तो स्लॅब असा तापायचा की मिरची दोन दिवसांत खुळखुळायची. त्याखालच्या खोलीत माणूसही तसाच वाळायचा, पण त्याकडे बघायला सवड कुणाला होती?

सवड काढावी लागली ती गेल्या वर्षी. लेक संयोगिता पुण्यात दिलेली. तिच्या सासूबाई, इरावतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. जोतिबाच्या यात्रेला आल्या आणि देवदर्शन करून वरच्या खोलीत जरा आडव्या झाल्या. पंधरा मिनिटांत घामानं निथळत खाली आल्या आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. मुख्याध्यापिका बोलल्या नाहीत की जास्त लागतं.

त्या न बोललेल्याचं उत्तर यंदा संक्रांतीनंतर आलं. संयोगिताला दिवस गेले होते, मे संपता संपता बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं ते काय? काकींनी डिंक, अळीव, खारीक आणून डबे भरले होते. तेवढ्यात फोन आला. “विहीणबाई, मनाला लावून घेऊ नका, पण ऐन मे महिन्यात त्या खोलीत बाळ-बाळंतीण कशी राहणार? इकडेच करूया.”

फोन ठेवून काकी डिंकाच्या डब्याकडे बघत बसल्या. त्या रडल्या. हे गल्लीत कुणाला माहीत नाही, कारण त्या रडतात असं कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

“एसी लावू की,” विजयसिंह म्हणाले.

“बाळंतिणीला एसीचा वारा? डोकं हाय का ठिकाणावर?”

यावर विजयसिंह मागच्या गोठ्यात म्हशींकडे निघून गेले. खालच्या खोल्यांचा प्रश्नच नव्हता. तिथं मसाल्याची पोती, डंकावरून कांडून आलेली चटणी आणि दिवसभराचा ठसका. तान्हं बाळ तिथं कोण ठेवणार?

त्या रविवारी पुतण्या जेवायला आला. सम्राट. याचा धंदा नवीनच आहे. नवी घरं बांधत नाही. बांधून झालेली जुनी घरं कमी विजेत, कमी गॅसवर कशी चालतील ते बघतो आणि तशी दुरुस्त करून देतो. घरात याला कुणी फारसं मनावर घेत नसे. तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी संपवून तो म्हणाला, “काकी, एसी नकोच. त्याला वीज लागती, वीज येती कोळशातनं. आपल्या खोलीत गारवा आणि धूर कुठंतरी लांब चिमणीतनं.”

“मग तिकडं काय माणसं न्हाईत?”

“तेच म्हणतोय की. खोली गार करायची न्हाय, तापूच द्यायची न्हाय.”

पुतण्याला कोळशाची काळजी आणि काकींना वाताची. कारणं वेगळी, पण उत्तर एकच निघालं. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. छताखालचे झरोके चिमण्या घरटी करतात म्हणून विजयसिंहांनी कधीकाळी बुजवले होते, ते फोडून जाळ्या बसवल्या. पश्चिमेच्या खिडकीवर बांबूची ताटी आली. बाळाच्या अंघोळीला पाणी लागणार म्हणून विजेचा गिझर काढून गच्चीच्या कोपऱ्यात सोलर बसला. आणि गच्चीवर, जिथं काळपट सिमेंट होतं तिथं, ऊन वरच्या वर परतावं म्हणून फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे जवळ जवळ जडवून घेतले. टाइल्सच्या दुकानदारांनी ते आनंदानं दिले. त्यांची अडगळ गेली. बयाबाई काकींकडे मिरची निवडायला येतात. गच्ची बघून त्या म्हणाल्या, “वैनी, देवळागत दिसतंय. पायतान काढून याय पायजे.”

काकींना खोलीत बरं वाटलं, पण त्यांनी कबूल केलं नाही. “पाडव्याच्या आधीचं ऊन ते काय ऊन,” असं म्हणून त्यांनी सम्राटला उडवून लावलं.

पाडवा झाला, ऊन पेटलं, मिरची पसरली आणि काकींच्या पायाखालची वाळू सरकली. दोन दिवस गेले, मिरची मऊ. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक उचलून कानाशी हलवली. बी हलेना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले. “सम्राट,” त्या फोनवर गरजल्या, “तुझ्या गच्चीनं माझी मिरची नासवली. तोंड दाखवाय जागा न्हाय मला.”

“काकी, पण खोली?”

“खोलीत काय मी चटणी कांडू?”

आणि नेमक्या त्याच दिवशी, जोतिबाचं दर्शन करून, इरावतीबाई दारात उभ्या राहिल्या.

काकींनी पाणी दिलं, ताक दिलं आणि मनाशी ठरवलं की या बाईला गच्चीकडे फिरकू द्यायचं नाही. चटणीवालीची मिरची ओली निघाली ही गोष्ट विहिणीच्या तोंडी पुण्याला गेली तर संपलंच. सम्राट थर्मामीटर घेऊन हजर झाला होता. खोलीत किती, बाहेर किती, कोळसा किती वाचतो, सगळं सांगू लागला. इरावतीबाईंनी आकडे सभ्यपणे ऐकून घेतले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शाळेत त्यांनी असले तक्ते पुष्कळ पाहिले होते. बाळंतपणाचं कुणी काढेना.

तेवढ्यात गच्चीवरून बयाबाईंचा आवाज आला. बयाबाईंचा आवाज पंचगंगेपलीकडे जातो. “वैनी, आजबी वाळंना वो मिरची. मऊच हाय.”

काकींनी डोळे मिटले.

“का वाळत नाही?” इरावतीबाईंनी विचारलं.

“काय न्हाय वो, जरा ढगाळ...”

बाहेर रणरणतं ऊन होतं. इरावतीबाई उठल्या आणि सरळ जिना चढू लागल्या. मागे काकी, त्यांच्यामागे सम्राट. इरावतीबाईंनी एक मिरची उचलली, बोटांत दाबली, वाकवली. ती मोडली नाही.

“किती दिवस झाले घालून?”

“तीन,” काकी खाली बघत म्हणाल्या.

इरावतीबाईंनी नोकरी करून, तीन पोरं वाढवून, दर उन्हाळ्यात कुरडया-पापड घातले होते. गच्चीत तापलेल्या फरशीवर टाचांनी नाचत वाळवण उलटणं काय असतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या समोर बघत राहिल्या. ऐन दुपारी, त्या मिरच्यांच्या मधोमध, बयाबाई अनवाणी फतकल मारून बसल्या होत्या आणि निवांत देठ खुडत होत्या.

इरावतीबाईंनी चपला काढल्या. एक पाय टेकवला, मग दुसरा. चटका बसला नाही. मग खाली उतरल्या, वरच्या खोलीत गेल्या, खुर्चीवर चढल्या आणि हात उंच करून छताला तळवा लावला, तो तसाच टेकवून ठेवला. साडी नेसलेली मुख्याध्यापिका खुर्चीवर उभी आणि तिला धरायला काकी, असं ते चित्र होतं.

“वर ऊन मुरलं असतं, तर मिरची वाळली असती,” त्या खुर्चीवरूनच म्हणाल्या.

काकींना कळायला क्षण लागला. तीन दिवस त्या ज्या मिरचीपायी तळमळत होत्या, ती त्यांच्याच बाजूनं बोलत होती.

“पुढच्या रविवारी आणून सोडते संयोगिताला,” इरावतीबाई खाली उतरत म्हणाल्या. “मीही राहीन महिनाभर. चालेल ना?”

“चालंल की,” काकी म्हणाल्या. त्यांनी विहिणीचा हात धरला तो सोडलाच नाही.

त्याच संध्याकाळी विजयसिंहांनी आणि बयाबाईंनी मिळून सगळी मिरची गोठ्याच्या सपाट पत्र्यावर नेली. पत्र्याखाली म्हशींच्या डोक्यावर आधीच उसाच्या पाचटाचा थर होता, त्यांना काही फरक पडला नाही. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. यंदा चटणीला उशीर का म्हणून बाई चिडलेली होती.

“मिरची वाळंना बाई,” काकी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. “लेक येणार हाय माझी बाळंतपणाला. घर गार केलंय.”