दांडीपासून दांडीपर्यंत

“हात दाखवा रे, नवरदेव हो!”

सकाळी आमची टोळी तारेच्या दुरुस्तीच्या टॉवर गाडीपाशी जमली की सुपरवायजरांचं हे पहिलं वाक्य. मग आम्ही मोठे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे हात पुढे करायचो. अंगठी, कडं, घड्याळ, सगळं उतरवून त्यांच्या डब्याच्या झाकणात. विजेच्या कामात धातू अंगावर नको. एकाची लग्नातली अंगठी बोटात रुतली होती. साबण लावून त्यांनी ती स्वतः काढली आणि वर म्हणाले, “बायकोले सांग, अंगठी काढली, नवरा ठेवला.”

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या मार्गावर विजेची इंजिनं येऊ घातली होती आणि पांढुर्णा, तिगावकडची रुळांच्या वरून जाणारी विजेची तार सांभाळायचं काम आमच्याकडे होतं. आमचे हे सुपरवायजर पांढुर्ण्यातल्याच बौद्ध वस्तीत राहायचे. गाव त्यांना ‘तारवाले भाऊ’ म्हणायचं. ओरडणारे साहेब तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. हे ओरडायचे नाहीत, काळजी करायचे, आणि खरं सांगतो, त्याचाच जास्त जाच व्हायचा.

“तारेले हात लावाचीबी गरज नाही,” ते म्हणायचे. “जवळ गेला का ओढते.”

रेल्वे फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर उंच लोखंडी आडवी दांडी बसवली होती. तिच्याखालून जे जाईल ते तारेला लागणार नाही, असा हिशेब. हिशेब बरोबर, पण आपली माणसं! कापसाच्या गाडीवर बसलेला माणूस दांडी आली की मान खाली घालायचा आणि दांडी मागे पडली की सुटलो बुवा म्हणून उभा राहायचा. नेमका तारेखाली. भाऊंनी हे एकदा पाहिलं आणि त्यांचा चहा हातातच थंड झाला.

“हे तं दांडीले भिऊन राहिले,” ते म्हणाले. “झेंडा घेऊन येतीन तवा काय होईन?”

चैत्रात पांढुर्ण्याहून जामसांवलीच्या मारुतीला पायी जथा जातो. पुढे भल्या उंच बांबूवर भगवा झेंडा. तो याच फाटकातून जाणार होता आणि तारेत नुकतीच वीज सोडली होती. तेवढ्या वेळापुरती वीज बंद ठेवता येईल का, असं भाऊंनी वरच्या साहेबांना विचारलं. गाड्या थांबवता येणार नाहीत, असं उत्तर आलं.

मग ते जथ्याच्या पुढाऱ्याकडे गेले. मी सोबत होतो. पुढारी म्हणजे एक म्हातारे संत्रावाले, सगळे त्यांना बाबाजी म्हणत.

“झेंडा आडवा नाही होत,” बाबाजी म्हणाले. “तुले काय समजते आमच्या देवाचं?”

माझं डोकं तापलं. भाऊंचं नाही.

“देवाचं नाही समजत, बाबाजी. तारेचं समजते. अन् तुमचा मारुती जामसांवलीत निजूनच हाये नं? झेंडा घडीभर निजला तं देव रागावते काय?”

तरी बाबाजी हो म्हणेनात. “पहिले तुमचा निळा झेंडा आडवा करून दाखव,” एवढंच बोलले.

वस्तीची जयंतीची मिरवणूक जथ्याच्या आधी निघणार होती आणि तीही याच फाटकातून. वस्तीच्या बैठकीत भाऊंवर सगळे तुटून पडले. “इतक्या पिढ्यांनी झेंडा उभा केला, अन् तू झुकवाले सांगून राहिला?”

भाऊंचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. “झुकवू नोको! खांद्यावर घे, लेकराले घेतो तसा. पण मले एकबी माणूस तारेले द्याचा नाही.”

मग एका म्हातारीनं विचारलं, “बायांले धरू देसान का?”

जयंतीला निळा झेंडा एका दांडीपासून दुसऱ्या दांडीपर्यंत खांद्याखांद्यांवरून गेला. बायांनी हात लावले. एरवी त्यांच्या हाती झेंडा देतं कोण? बाबाजी रस्त्याकडेला उभे राहून पाहत होते. आणि मारुतीचा जथा निघाला त्या दिवशी दांडीपाशी येताच त्यांनी बांबू खाली घेतला. भाऊ फाटकात हात पसरून उभे, “उचलू नोका, अजून नाही, अजून नाही,” करत. शेवटचा माणूस पलीकडे गेला तेव्हाच त्यांनी हात खाली घेतले.

वर्षाच्या आत त्यांची बदली झाली, पार इटारसीच्या पलीकडे. साहेब गेला की त्याची शिस्तही बोऱ्याबिस्तरा गुंडाळून जाते, हे आम्हा नोकरदारांना चांगलं ठाऊक. म्हणून पुढच्या चैत्रात मी जीव मुठीत धरून फाटकावर गेलो. भाऊ हवे होते, असं फार वाटत होतं.

जथा आला. दांडीपाशी बाबाजींनी झेंडा खांद्यांवर दिला आणि इकडेतिकडे पाहिलं.

“तारवाले भाऊ कुठी हाये?”

“बदली झाली, बाबाजी.”

“मंग अथी कोण उभा राहीन?”

मी राहतो म्हणेपर्यंत ते फाटकात पोचले होते. ऊन रणरणत होतं, पाय अनवाणी. अख्खा जथा त्यांना मागे टाकून पलीकडे निघाला होता आणि म्हातारा तारेखाली हात पसरून ओरडत होता, “उचलू नोका रे! अजून नाही!”