चढू दे त्याले

गाडी सुरू करण्याआधी तो दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलायचा, तळवे वर करून क्षणभर तसेच धरायचा आणि म्हणायचा, "सोडलं." मग गिअर टाकायचा. पुढच्या सीटवरच्या बायका दचकायच्या. एकदा एकीने विचारलंच, "ड्रायव्हर भाऊ, काय सोडलं? ब्रेक तं नाई ना?"

"नाई माय, ब्रेक हायेत. बाकी सोडलं."

अकोला–अमरावती एसटीवर तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. अशा जोड्या तुम्हीही पाहिल्या असतील. दोघं दिवसभर एकमेकांना दिसत नाहीत, पण बेलच्या आवाजावरून एकाला दुसऱ्याचा मूड कळतो. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या भावाचंही लिहीत नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांच्या गावाचा फाटा आहे, तिथल्या लोकांना कळायचं ते कळेल. त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

हे 'सोडलं' नंतरचं. आधी तो काहीच सोडणाऱ्यांतला नव्हता. थोरल्या भावाने विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण काढून त्याला आणि त्याच्या बायकोला घराबाहेर काढलं होतं. त्यांच्या खोलीला कुलूप घातलं. आत तिचं शिवणयंत्र होतं, माहेरून आणलेलं. ती अमरावतीच्या मिशन दवाखान्यात शेवटचं आजारपण काढत होती तेव्हा म्हणाली, "माही मशीन तेवढी आणा, बरी झाली की लागन." हा आणायला गेला. भावाने दार उघडलं नाही. मशीनही आली नाही आणि ती बरीही झाली नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी एक खेळ सुरू केला. आठवड्याच्या बाजाराला भाऊ फाट्यावर थैल्या घेऊन उभा असायचा. हा गाडी त्याच्यासमोर थांबवायचाच नाही. चांगली दोन शेतं पुढे नेऊन उभी करायचा. भाऊ धापा टाकत यायचा, त्याचा हात दाराच्या दांडीला लागतो न लागतो तोच मी डबल बेल द्यायचो. गाडी सुटायची. मागे धुळीतून शिव्या ऐकू यायच्या. ड्रायव्हर आरशात पाहून म्हणायचा, "पय, लेका, पय!" गाडीतले लोक हसायचे. सगळ्यांत जास्त मी हसायचो. त्याच्या दुःखात मला भागीदारी मिळाली होती आणि ती मला फार आवडत होती.

दवाखान्यात बायकोच्या शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती बाई होती. तिचा नवरा, एक म्हातारा आचारी, पुढेही याच्या खोलीवर येत राहिला. दोघं काय बोलायचे, ते मला याने एकदा बडनेऱ्याला चहा पिताना सांगितलं.

"तो म्हणते, वैऱ्यासाठी प्रार्थना कर. मी म्हटलं, येडा हायेस काय बुढ्या? पण करून पायली. पयल्या दिवशी भावाचं नावच तोंडातून निंगेना. मंग निंगालं ते शिवीसंगं. असं लय दिवस चाललं. एक दिवस नुसतंच नाव निंगालं रे. शिवी नाई, काई नाई. मी रडलो. मले वाटलं, छातीवरचा दगड कोणीतरी उचलला."

"मंग आता?" मी विचारलं.

"आता काई नाई. चा पी."

त्या आठवड्यात फाटा आला. भाऊ उभा होता. याने गाडी नेमकी त्याच्या पायाशी उभी केली. मी सवयीने डबल बेल दिली. गाडी हलली नाही. मी पुन्हा दिली.

"ऐकू नाई येत काय?" मी मागून ओरडलो.

"चढू दे त्याले," तो वळून न पाहता म्हणाला.

भाऊ थैल्यांसकट चढला. मी रागाने तिकीट फाडून त्याच्या हातात कोंबलं. तो राग भावावर कमी आणि ड्रायव्हरवर जास्त होता.

पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला. गावात उठवलं गेलं की हा औषधापायी बाटला, विकला गेला. ज्याची बायको त्याच दवाखान्यात मेली, त्याला विकून मिळालं काय, हे कोणी विचारलं नाही. भावाने मुंडण करून, पिंड ठेवून, जिवंतपणी त्याचं श्राद्ध घातलं. तेरवीला गावजेवण ठेवलं. हा ड्युटी बदलून घेऊन गेला आणि पंगतीत बसला. वाढणाऱ्याच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

"वाढ ना गा," हा म्हणाला. "माहीच तेरवी हाये. मीच उपाशी जाऊ काय?"

पोटभर जेवला. हात धुऊन भावाला म्हणाला, "दादा, बरं केलं. मेलेल्या माणसाले वाटणी लागत नाई." आणि खरोखरच शेताचं, विहिरीचं, घराचं हक्कसोडपत्र करून दिलं. मी किती समजावलं! म्हटलं, कोर्टात ओढू त्याला, मी साक्ष देतो. तो म्हणाला, "तूच पकडून बसला हायेस, बापू. मी कधीचा सुटलो."

निवृत्तीनंतर तो अकोल्याच्या जठारपेठेत एका खोलीत राहिला. एक खाट, एक स्टोव्ह. रविवारी प्रार्थनेच्या खोलीत सतरंज्या अंथरायचा. मला एकच गोष्ट त्याने मागितली. "मी गेलो तं मले पुरा. गावाले नेऊ देऊ नको."

"सगळं सोडलं म्हणतोस, मंग मातीचा हट्ट कावून?"

"बाकी सगळं त्यायनं ठरवलं. माहं मरणबी त्यायनंच एकदा करून टाकलं. हे एक माह्या मनानं होऊ दे. तुले सांगून ठेवतो. दुसरं कोणी नाई मले."

तो गेला तेव्हा भाऊ मुलांना घेऊन आला. काठी टेकत, पण आवाज तोच. प्रार्थना घेणारे पाळक म्हणाले, त्यांची इच्छा पुरण्याची होती. भाऊ म्हणाला, "कोणाले सांगितली?" पाळकांनी माझ्याकडे पाहिलं.

"कंडक्टर, तुमी सांगा. बोलला होता काय तो तुमाले?" भावाने विचारलं.

या भानगडीत पडू नका म्हणून माझा मुलगा मागून माझा सदरा ओढत होता. भीती होती, नाही म्हणत नाही. पण भीतीच्या खाली जुना राग होता. याने आमचा सूड मला न विचारता सोडला होता. माझी बेल ऐकली नव्हती.

"मले काई नाई बोलला," मी म्हणालो.

त्यांनी त्याला नेला, जाळला, आणि फाट्यावर फलक लावला: शेवटी आपल्या माणसांत परत आला. फलक अजून आहे. तर ऐका. तो परत आला नव्हता. तो विकला गेला नव्हता. त्याने तुमच्याकडून काही घेतलं नाही, उलट सगळं देऊन गेला, आणि तो मेल्यावर तुम्ही त्याचं प्रेतही चोरलं. भावाला आता दिसत नाही म्हणतात. घरातल्या कोणीतरी हे त्याला वाचून दाखवावं. हळू वाचावं, एकही ओळ गाळू नये. त्याने माफ केलं होतं. मी केलेलं नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.

त्याला जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेलो. का गेलो, सांगता येत नाही. खड्डा खणून तयार होता. काठावर काळ्या मातीचा ढीग, आणि शेजारी खणणारा म्हातारा बसलेला. त्याला कोणी कळवलंच नव्हतं.

"काका, तुमचा माणूस कधी येते? कालपासून वाट पाहून रायलो."

"येत नाई."

"कावून?"

मी इकडेतिकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. "मी येऊ देल्लं नाई," मी म्हणालो.

 म्हातारा उठला, मातीत रोवलेलं फावडं उपसलं आणि माझ्या हातात दिलं.

"मंग बुजवा तुमीच."