पाक-कुंगांच्या नावानं आलेलं बोलावणं

फान यिनमोइ रोज पहाटे ओढ्याच्या वरच्या अंगाला जायची. तिथं कापराच्या झाडाखाली पाक-कुंगांचं ठाणं होतं. पाक-कुंग म्हणजे थोरले आजोबा. हाक्का या चिनी समाजातली माणसं भूमीच्या देवाला नात्यानंच हाक मारतात. ठाणं झाडायचं, उदबत्त्या लावायच्या, चहाचे तीन पेले ठेवायचे, हात जोडायचे आणि उतरताना पाटाच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायचा. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी यात खाडा नव्हता. जमीन मात्र सासऱ्यांच्या नावावरून थेट दिराच्या, थिनवानच्या, नावावर गेली होती.

त्या वर्षी पाऊस पडला की पाट पिवळा वाहायचा. सरकारी खात्यानं तोडगा काढला: उतारावरचं बांबूचं बन काढून तिथं माती अडवायला सिमेंटची भिंत. गावाचं मत घ्यायला सभा ठरली, पण बोलावणं फक्त जमीनमालकांना. बांबू गेला तर झरे आटणार हे यिनमोइला पक्कं ठाऊक होतं. पण सांगणार कुणाला? सभेत शिरायलाच जागा नव्हती.

सभेची तयारी करायला शहरातून को नावाचा तरुण अधिकारी आला. त्याला हाक्का बोली येत नव्हती, पण पोरगा मनापासून काम करणारा. वही घेऊन तो थेट पाटावर, धुणं धुणाऱ्या बायकांकडं गेला.

"त्या उतारावर कुणाकुणाचा हक्क आहे?"

"पाक-कुंगांना विचारल्याशिवाय आम्ही तिथलं पानसुद्धा तोडत नाही," शेजारची छिऊलान म्हणाली.

"वय काय त्यांचं?"

"कुणी मोजलंय!"

"सभेला येतील का?"

"ते कुठले जागचे हलतायत! त्यांचं सगळं ही यिनमोइच बघते. सकाळचा चहासुद्धा हीच देते."

कोनं सगळं नीट लिहून घेतलं. चार दिवसांनी यिनमोइच्या दारात पत्र आलं. 'माननीय श्री. पाक-कुंग यांस. प्रकृतीमुळे येणे न जमल्यास आपल्या प्रतिनिधी श्रीमती फान यिनमोइ यांना पाठवावे.'

छिऊलान हसता हसता पाटाच्या कठड्यावर बसली. "जा की गं! देवानंच खुर्ची दिली तुला."

"देवाच्या नावानं खोटं बोलू?"

"खोटं कुठं? तू बघतेसच ना त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे यिनमोइनं ठाण्यापुढं गुडघे टेकले आणि कौल लावला. दोन लाकडी चंद्रकोरी हातातून सोडल्या. दोन्हींच्या सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला. हो नाही, नाहीही नाही. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच.

"तुम्हाला गंमत वाटतेय होय आजोबा," ती पुटपुटली, "इथं सभा तोंडावर आलीय." पण काय करायचं ते तिला कळलं होतं.

सभेत पाक-कुंगांच्या नावाची पाटी लावलेली खुर्ची पाहून सरपंच ल्यू फूथांग खोकण्याचं सोंग करत तोंड लपवत होता. यिनमोइ बसली नाही.

"साहेब, तुमची चूक झालीय. पाक-कुंग हे आमचे देव आहेत, माणूस नव्हेत. मी त्यांची प्रतिनिधी-बितिनिधी कुणी नाही. माझ्या नावावर वीतभर जमीन नाही."

सभा पोट फुटेस्तोवर हसली. को कानापर्यंत लाल झाला.

"झालं ना वहिनी? मग निघा आता," थिनवान म्हणाला.

"निघते, भाऊजी. पण तीस वर्षं त्या पाटातला गाळ मी काढलाय. तेवढं सांगून जाते." टेबलावरच्या बशीतले भाजके शेंगदाणे तिनं मुठीत घेतले आणि नकाशावर एकेक ठेवत गेली. "हा झरा, हा झरा, हे तीन बांबूच्या मुळाशी. यांचं पाणी पावसातही नितळ. आणि पिवळं येतं ते इथून." शेवटचा दाणा तिनं सुपारीच्या बागेखाली ठेवला. "बांध फोडून नवी लागण केली तिथून."

ती बाग थिनवानची होती.

"काहीतरीच!" तो म्हणाला.

"काहीतरीच काय? तुझ्याच बायकोची धुणी पिवळी होतायत," सरपंच म्हणाला. पुन्हा हशा पिकला.

कोनं दाणे होते तिथंच राहू दिले आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "आजी, मला हे प्रत्यक्ष दाखवाल? सगळ्यांनीच चला. बघितल्याशिवाय ठरवायला नको."

दोन दिवस सगळे उतार तुडवत होते. भिंतीचा बेत गेला, बांबू राहिला. सुपारीखाली दगडी बांध परत घालायचं ठरलं.

"खालच्या तीन ओळी काढतो," थिनवान म्हणाला. "चौथीला हात लावाल तर याद राखा, वहिनी."

"चौथीतली सुपारी मीच विकत घेईन, भाऊजी."

कोनं सभेला बोलवायच्या यादीवरचा 'जमीनमालक' हा शब्द खोडून 'पाणी वापरणारे' असं लिहिलं आणि खाली पहिलं नाव घातलं फान यिनमोइ. ते ऐकून पाटावरच्या बायका ओले हात पुशीत आल्या. संध्याकाळपर्यंत तेवीस नावं झाली. छिऊलान तेवढ्यात सरपंचाला विचारून आली, पुढच्या सभेला चहा कोण करणार? बायका तर सगळ्या खुर्च्यांवर बसणार!