डिंकाचा लाडू आणि समोरचे दार

आई दिवाळीनंतरच्या आठवड्यात माणगावजवळच्या आमच्या गावाहून मीरा रोडला राहायला आली आणि संक्रांतीच्या आधी परत गेली. लेकीने, जावयाने नीट ठेवले नाही, असे गावात बोलले जाते. तसे झालेले नाही. तुम्ही विचारता म्हणून जे घडले ते लिहिते.

निघताना तिने परड्यातल्या मिरच्यांना पाणी घातले, कुलूप लावले आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. वडील गेल्यापासून ती एकटी होती. लेकीच्या घरी राहणे तिला जड जात होते. गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाली, "थंडीपुरती येते."

शांती नगरमधला आमचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात ऊन समोरच्या बिल्डिंगवर पडते, आमच्या घरात येत नाही. गावी ती पहाटे खळ्यात शेकोटी पेटवायची, भाकरी आणि कुळथाचे पिठले खाऊन कामाला लागायची. "थंडी बसल्या माणसाला धरते," असे आम्हाला उठवताना म्हणायची. इथे तीच आई शाल घेऊन सोफ्यावर बसू लागली. दुपार झाली तरी केस विंचरलेले नसत. डॉक्टरांनी रक्त तपासले, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या दिल्या, चालायला सांगितले.

"चालून जाऊ कुठं?" आईने मला विचारले.

समोरच्या घरात हंसाबेन राहतात. मुलगा, सून जिग्ना आणि त्या. एका सकाळी त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत डिंकाचे, सुंठीचे लाडू होते. "बा, रोज एक खाने का. ताकत आएगी. सोफा भी बोलेगा, अब उठो."

आई हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

ती रोज एक लाडू खाऊ लागली. आठवडाभरात ती खाली कंपाउंडमध्ये उन्हात बसायला जाऊ लागली. हंसाबेन आणि ती, एक गुजराती-हिंदीत, दुसरी मराठीत, तासभर बोलत. दुपारी आई माझ्या जुन्या सुती साडीतून काहीतरी शिवत असे. मी एकदा विचारले. "लागंल कुणाला तरी," म्हणाली. मी ऑफिसला निघाले होते. पुढे विचारले नाही.

आमच्या गावच्या घरात डिंकाचा लाडू फक्त बाळंतिणीसाठी होत असे. पुरुषांना आणि पोरांना वास तेवढा मिळायचा. त्यात जिग्नाला सर्दी झालेली, ती कानाला रुमाल बांधून दारात दिसायची. वरच्या मजल्यावर तान्हे मूल रडायचे, ते समोरच्याच घरातले वाटायचे. आईने तिन्ही गोष्टी जोडल्या. बारसे होईपर्यंत आपण होऊन चौकशी करायची नाही, ही तिची रीत. म्हणून तिने कुणालाच काही विचारले नाही.

बारसे उरकले असेल असे धरून रविवारी ती नवे लुगडे नेसली आणि मला म्हणाली, "चल, समोर जाऊन येऊ. रिकामा डबा द्यायचा नसतो." डब्यात काय आहे ते मी पाहिले नाही.

हंसाबेननी आम्हाला बसवले. जिग्ना चहा घेऊन आली. आईने तिच्याकडे बघून हळू आवाजात विचारले, "बाळ झोपलं काय गं? मी जास्त येळ नाय बसनार. नुसतं तोंड बघते." आणि डब्यातून झबले, टोपडे आणि दुपटे काढून टीपॉयवर ठेवले.

"किसका बाळ, बा?" हंसाबेन म्हणाल्या.

"सुनेचं. येवढं डिंकाचं केलंत ते..."

"अरे बा, वो तो शियाळे का वसाणा है. थंडी में हमारे यहाँ सब खाते हैं."

जिग्नाने ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. आतून कडी लागली. तिच्या लग्नाला बरीच वर्षे झाली आहेत. आई येण्याआधीच्या पावसाळ्यात तिला दिवस गेले होते, ते टिकले नाहीत. हे मला माहीत होते. आईला मी सांगितले नव्हते.

आईने कपडे गोळा केले. घडी न घालताच डब्यात कोंबले. हंसाबेन म्हणत होत्या, "कोई बात नहीं, बा, कोई बात नहीं." आई मान वर न करता उठली. चहा तसाच राहिला.

त्यानंतर ती खाली उतरली नाही. लाडू आले तर घेऊ नकोस, असे मला बजावले. पुन्हा सोफा, पुन्हा शाल. "वांझोटीच्या दारात झबलं नेलं मी. तोंड कसं दाखवू?" मी समजावले. तिने एकदाच सांगितले, "मला गावी सोड." शनिवारी मी तिला सोडून आले. जिन्यात समोरचे दार बंद होते. तरी ती पदर पुढे ओढून उतरली.

आता ती फोनवर रोज एकच विचारते, "समोरची कशी हाय?" मी "बरी आहे" म्हणते. प्रत्यक्षात सकाळी जिग्नाच्या दाराचा आवाज आला की मी आत थांबते, ती खाली गेली की निघते.

आज दोन्ही दारे एकाच वेळी उघडली. जिग्नाने चप्पल घालता घालता विचारले, "बा गाँव में ठीक से खाती हैं ना?"

मी हो म्हटले. ती उतरून गेली. आई तिथे काय जेवते, हे मी आईला फोनवर अजून विचारलेले नाही.