आसूढाळ घोडी

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. बायकोपाशी न्हाई, देवापुढं न्हाई — देवापुढं तर तोंड चुकवूनच बसतो. आता हातात दम ऱ्हायला न्हाई, सुईचं नेढं दिसत न्हाई, आन् हे वागवायचा लई कंटाळा आलाय. म्हणून तुमाला सांगतो. ऐकवलं तर ऐका, न्हाई तर उठून जावा.

मी धारूरचा रामभाऊ शिंपी. निजामसरकारचा अंमल जोरात होता तवाची गोष्ट. आमच्या पेठेत हातानं फिरवायचं मशीन पैलं माझ्या घरी आलं — हैदराबादेहून, बैलगाडीत, कडब्यात गुंडाळून. काय सांगू त्याचा ताठा! मशीनला कसला ताठा, मलाच होता. बंडी, चोळी, तहसीलच्या लोकांच्या शेरवान्या, सगळं त्याच्यावर काढायचो. आमचा थोरला चुलता समोरच्या ओट्यावर हातानं शिवत बसायचा. म्हणायचा, "रामा, हे पातळ कापडाचं काम हाय. जाडाला दाभणच पायजे." मी हसायचो. म्हातारं जळतंय, असं वाटायचं मला.

हुसेनभाई माझा शेजारी, घर समोरासमोर. बालाघाटातली सीताफळं घोडीवर लादून केजच्या बाजारला न्यायचा. घोडीचं नाव मैना. भाकरीचा पैला तुकडा तिला, मग घरच्यांना — त्याची बायको लई चिडायची! या मैनेच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी धन्याला रडवती, असं आमच्याकडं शहाणे लोकसुद्धा मानतात. हुसेनभाई म्हणायचा, "अल्लानं दिलेल्या तोंडात खोट कावून काढायची?" आन् मी त्याच्या बाजूनं बोलायचो. सगळ्या पेठेत मी एकटाच.

त्याला नवं खोगीर पायजे होतं. घोडीच्या पाठीवर टाकायची जाड गादी. दाभणानं शिवायला चुलता होताच की! पण मीच म्हणालो, आणा इकडं, मशीनवर काढतो.

खाली किंतान, मधी नमदा म्हंजे लोकरीचा जाड थर, वर घोंगडीच्या दोन घड्या. शिवणीला मेण घासलं, घड्या दगडानं ठोकून बसवल्या, चाक हातानं एकेक टाका फिरवलं. सरळ शिवणीला निभावलं. कोपऱ्यावर घडीवर घडी आली, मशीनचा पाय तिरका झाला, खाली दोऱ्याचा गुंता. थांबायला पायजे होतं ना? चुलता बघत होता समोरून. मी दांडा जोरात ओढला. कट्कन सुई मोडली.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आमच्यात रीत हाय — सुई मोडली की तुकडे जुळवून बघायचे. पुरती सुई जुळल्याबिगर कापड हातावेगळं करायचं न्हाई. बापानं पैल्या दिवशी शिकवलेलं. मला दोन तुकडे मिळाले. टोक मिळालं न्हाई. जिमीन चाचपली, खोगीर वरून दाबून बघितलं. उसवलं असतं तर मिळालं असतं. पण चुलत्याच्या डोळ्यादेखत उसवायचं? दारात हुसेनभाई घोडी घेऊन उभा, दुसऱ्या दिवशी त्याचा बाजार. सांदीत पडलं असंल, म्हणालो मनाशी. नवी सुई लावली, कोपरा उरकला आन् दिलं.

चार दिवसांनी घाटात मैना उधळली. हुसेनभाई वर बसलाता. मांडीचं हाड मोडलं त्याचं. लोकांनी खाटेवर घालून आणला.

पेठ म्हणायला लागली, आसूढाळ, आसूढाळ. तो मानंना. पडल्या पडल्या त्यानं खोगीर माझ्याकडं धाडलं — रामभाऊ, जरा बघा, काय टोचतंय का तिला. मी दार लावून कोपरा उसवला. टोक तिथंच. ओझ्यानं दबून खालच्या किंतानातून जरासं बाहेर आलेलं. माझ्या बोटाला लागलं तवा कळलं, तिला काय झालं असंल. मग? मग काय, सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई. हे कळलं तर लेकराचं अंगडं तरी मला कोण शिवायला देईल, एवढंच डोक्यात आलं. टोक आडात टाकलं. कोपरा दाभणानं शिवला, हो, दाभणानंच, आन् स्वतः त्याच्या खाटेपाशी गेलो.

"खोगिरात काय न्हाई, हुसेनभाई. लोक म्हणतात तेच खरं. आसूढाळच हाय ती."

लोकांचं त्यानं कधी ऐकलं नसतं. माझं ऐकलं.

त्याच्या भावानं मैनेला डोंगरात नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी ती दारात हजर. परत नेलं, लांब, चौसाळ्याच्या अंगाला. आठवड्यानं परत आली, बरगड्या निघालेल्या. आतापावेतो हुसेनभाई काठीवर उठायला लागलाता. तो स्वतः बाहेर आला. मैना त्याचा हात हुंगायला लागली, भाकरी असंल म्हणून. त्यानं तिला ढकललं, वाकून दगड उचलला आन् मारला. मुद्दाम बाजूला मारला, मला दिसलं ते. ती दोन पावलं मागं सरली आन् तिथंच उभी ऱ्हायली.

मी मशीनवर बसलोतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. गालावरून पाणी वाहत होतं त्याच्या.

"रामभाऊ, एकदा सांगा. आसूढाळच ना?"

नुसतं न्हाई म्हणायचं होतं. कारणसुद्धा त्यानं विचारलं नसतं.

मी म्हणालो, "होय."

त्यानंतरचा एकही दगड त्यानं बाजूला मारला न्हाई.