बॅटरीवरचं नाव

सायकलीच्या घंट्या, हँडलं, दाराच्या कड्या, काहीही न्या; पिंपळीत निकेलचं गिलिट करून देणारा दत्तोबा हा एकच माणूस. आणि गावातला सगळ्यांत भित्राही तोच, असं आम्ही चिडवायचो. काम कायम उघड्या अंगणात, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. "ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात न्हाय," हे त्यानं गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा ऐकवलं असेल. खायच्या-प्यायच्या भांड्याला तर तो हात लावत नसे.

लोकांच्या वस्तू चकचकीत करणाऱ्या या बाबाची स्वतःची बॅटरी मात्र पार पिवळी पडली होती. उसाला पाणी धरायला जाताना अंधारात लागते म्हणून बायकोनं, चंद्राबाईनं, खुरपणीच्या पैशातून ती इंदापूरच्या बाजारातून आणली होती. वर ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव घालून. चंद्राबाई जुन्या वळणाची. लग्नात उखाण्याला उभी केली तर लाजून पळाली. 'अहो'च्या पुढं ती जन्मात गेली नाही.

ती वारल्यावर दत्तोबा त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणायचा, "दुकानात तरी घेतलं आसंलच की माझं नाव. मलाच ऐकाया न्हाय मिळालं."

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत लेक दीप्ती माहेरी आली. बाप बाजारला गेलेला बघून तिनं गुपचूप बॅटरीला गिलिट करायला घेतलं. मोजे, चष्मा, सगळं त्यानं शिकवलं तसं. धातू घासून गुळगुळीत केल्याशिवाय गिलिट धरत नाही, हेही त्यानंच शिकवलेलं. पोरीनं मन लावून घासलं.

दत्तोबा आला तेव्हा बॅटरी आरशासारखी झाली होती आणि नाव गेलं होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्यानं इंदापूरची एसटी धरली. भांड्यांवर नावं घालणारे माधवराव दुकानातच होते. दत्तोबानं बॅटरी पुढं केली. "आमच्या मंडळीनं हितनंच नाव घालून नेलं व्हतं. सांगताना तिचा आवाज कसा व्हता, याद हाय का?"

माधवरावांनी जरा आठवून बघितलं. "रेशन कार्डवाली बाई व्हय? तिनं कुठं सांगितलं! मी दोनदा इचारलं. शेवटी कार्ड म्होरं केलं अन् नावावर बोट ठेवलं."

दत्तोबा आधी हसला, मग पायरीवर बसून पोरासारखा रडला. "एकदा तरी घ्यायचं व्हतंस गं," एवढंच म्हणाला.

"आता काय नाव घालू?" माधवरावांनी विचारलं.

"चंद्रा," दत्तोबा म्हणाला. मग कुणी न विचारता पुन्हा म्हणाला, "चंद्रा."