महालक्ष्मीच्या डोक्यावरचं झाकण

माझे वडील जळगाव जामोदला सोनार. दुकान एवढंसं, पण मोडीचा डबा भला मोठा. मोड म्हणजे लोकांनी वितळवायला आणून दिलेली जुनी चांदी. शाळेतून आले की मी तो डबा उपसत बसायची. वडील एकेक वस्तू उचलून विचारायचे, हे काय? माझं चुकलं की हसायचे आणि वस्तू उलटी करायचे. पुढून ती कितीही थापा मारो, म्हणायचे, उलटी केली की कबूल होते.

त्यात धूम्रपानाच्या वस्तू मला फार आवडायच्या, कारण त्यांचे मालकच त्यांना ओळखत नसत. आजोबा गेले, हुक्का गेला, सुटे भाग तेवढे मागे राहिले. चांदी कोण टाकून देतं? मग ते भाग देवघरात शिरत. एका घरचा बाळकृष्ण हुक्क्याच्या नळीचं तोंडात धरायचं टोक बासरी म्हणून घेऊन उभा होता. दुसऱ्या एका घरी साहेबी थाटाच्या काडेपेटीच्या डबीत अंगारा ठेवत. तिच्या कडेला काडी ओढायच्या खरबरीत रेघा होत्या, त्या घरात त्यांना नक्षी म्हणत. वडील अवाक्षर काढत नसत. गिऱ्हाइकाचा देव आणि गिऱ्हाइकाची बायको यांच्याबद्दल सोनाराने मत देऊ नये, असं त्यांचं धोरण होतं. ते काही मला वारशात मिळालं नाही.

लग्न होऊन मी संग्रामपूरला आले. सासरे व्यसनांचे हाडवैरी. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत आलेला पाहुणा, मग तो व्याही का असेना, फाटकाबाहेर चूळ भरूनच आत यायचा. अशा घरात माझ्या पहिल्या महालक्ष्म्या आल्या. थोरल्या सुनेने ज्येष्ठेला सजवायचं, धाकटीने कनिष्ठेला, अशी तिथली रीत. कनिष्ठेला बाजारातला पुठ्ठ्याचा मुकुट. ज्येष्ठेला मात्र चांदीचा. जाळीदार घुमट, वर कळी, बाजूला लोंबणारी बारीक साखळी आणि तिच्या टोकाला आकडा. मी पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. हुक्क्याच्या चिलमीवरचं झाकण होतं ते, निखारा उडू नये म्हणून ठेवतात ते. हवा खेळावी म्हणून जाळी, झाकण हरवू नये म्हणून साखळी. आमच्या दुकानात त्याला सरपोस म्हणत. आणि सासरे त्याच्यापुढे साष्टांग पडले होते.

जाऊबाईंना त्या मुकुटाचा भारी अभिमान. दर वर्षी हळदीकुंकवाला त्याचा इतिहास थोडा वाढायचा. आधी तो कुण्या देशमुखाने दिला होता, मग सरदाराने, आणि मोबाइल आल्यापासून तर प्रकरण थेट एका राणीपर्यंत गेलं होतं. मी मुकाट्याने आंबील वाढायची.

सासरे गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या. घर, शेत, ट्रॅक्टर, सगळं भांडणाशिवाय वाटलं गेलं. अडलं ते महालक्ष्म्यांपाशी. त्या बहिणी, त्यांची ताटातूट करत नाहीत. दोघी एकाच घरी बसणार आणि मुकुट त्यांच्याबरोबर जाणार. जाऊबाई म्हणाल्या, मान थोरलीचा. मला त्या हव्या होत्या. खरं सांगते, मुकुटासकट हव्या होत्या. तो खरा काय आहे हे एकट्या मला ठाऊक, म्हणून हक्कही माझाच, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. शिवाय इतकी वर्षं पुठ्ठा बांधून हात शिणले होते.

गेल्या भादव्यात महालक्ष्म्या कुणाकडे बसणार ते ठरवायला सासूबाईंनी दोघींना बोलावून घेतलं. मी चिंचेने झाकण घासायला बसले. जाऊबाई म्हणाल्या, जपून हो, सोनाराच्या हाती गेलेली चांदी पुरी परत येत नाही. माझ्यावर बोललेलं मी गिळते, वडिलांवर गेलेलं नाही. मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला, जाळीच्या खाचांत, चिंचेला दाद न देणारी काजळी बसली होती, ती त्यांना दाखवली.

"ताई, हा मुकुट नोहे. चिलमीवरचं झाकन आहे हे."

जाऊबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. म्हातारीला काय वाटेल, हे मला तेव्हा कुठे सुचलं. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या.

"हाव, झाकनच आहे," त्या म्हणाल्या. "मीच भरत होती ते चिलीम."

नवी सून म्हणून आल्या तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांचा हुक्का भरायचं काम त्यांच्याकडे लागलं होतं. उठल्या उठल्या निखारे फुंकायचे, हात भाजले तरी बोलायचं नाही. आजेसासरे खोकून खोकून गेले. सासऱ्यांना तंबाखूचा तिटकारा आला तो तिथून. त्यांनी हुक्का घराबाहेर काढला, झाकण तेवढं सासूबाईंनी मागून घेतलं. त्यांच्या अंगावरचे सगळे दागिने तोवर विकले गेले होते आणि महालक्ष्मीचं डोकं उघडं होतं. म्हणजे सासऱ्यांना सगळं माहीत होतं. ते आपल्या बापाच्या चिलमीच्या झाकणापुढे जाणूनबुजून आडवे होत होते, आणि मी, घरातली एकमेव जाणकार, पदराआड हसत होते.

तरी मला वाटलं, चला, निकाल आपल्या बाजूने लागला. राणीच्या मुकुटासाठी भांडणारी बाई चिलमीच्या झाकणासाठी कशाला भांडेल? जाऊबाई रडत होत्या. रडता रडताच त्यांनी माझ्या हातातून झाकण घेतलं, सरळ केलं आणि पदराने पुसलं.

"मले तं अजूनही मुकुटच दिसते," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"देवीच्या डोक्यावर ठेवलं, त्या दिवसापासून मी त्याले झाकन म्हनून पाह्यलं नाही. तू आली तवापासून झाकनच पाहून राह्यली. आता देवी कोनाघरी बसन, तूच सांग."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. रागाने बोलल्या असत्या तर मी भांडले असते. वडिलांनी शिकवलेलं सगळं बरोबर होतं, मी ओळखलेलंही बरोबर होतं, आणि मला रडू येत होतं.

"ताईच्या घरी," मी म्हणाले.